‘अध्याहृत’ ठेवलंत तर कुणी वाट पाहणार नाही

प्रश्न असा आहे : “कंपनीतल्या प्रशिक्षणात सादरीकरण आणि ई-मेल लिहायला शिकवताना सांगितलं, ‘महत्त्वाची माहिती मुद्दाम अध्याहृत ठेवा, म्हणजे ग्राहकाची उत्कंठा शिगेला पोहोचते.’ इथे ‘अध्याहृत’ बरोबर आहे का? की ‘अर्धवट’ किंवा ‘अपूर्ण’ म्हणावं? आणि ‘टीझर’ला मराठी शब्द कोणता?”

बरोबर नाही. हा ‘अध्याहृत’ हल्ली मी इतक्यांदा ऐकतो की आता कानाला टोचायला लागलाय. दडवलेलं, राखून ठेवलेलं, हातचं ठेवलेलं, सगळ्याला अध्याहृत! शब्द भारदस्त वाटतो एवढंच त्याचं पाप.

अध्याहृत म्हणजे न उच्चारलेलं, पण ऐकणाऱ्याला आपसूक कळलेलं. ‘जेवलास?’ यात ‘तू’ अध्याहृत आहे आणि हा ‘तू’ कोण या विचाराने कुणाची झोप उडत नाही. संस्कृतात याचं ठरलेलं उदाहरण म्हणजे नुसतं ‘द्वारम्’. कुणी ‘दार!’ एवढंच म्हणालं की ऐकणारा उठून ते लावतो. ‘लाव’ हे क्रियापद त्याने स्वतः आणलेलं असतं. मीमांसकांत, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ कसा लावायचा याचं शास्त्र रचणाऱ्यांत, यावरून दोन तट आहेत. भाट्ट म्हणतात, ऐकणारा गाळलेला शब्द आणतो; प्राभाकर म्हणतात, शब्द कशाला, तो थेट अर्थच आणतो. भांडण मजेदार आहे, पण जागा रिकामी राहत नाही हे दोन्ही तटांना मान्य. तुमच्या प्रशिक्षकांना तर नेमकी रिकामी जागाच हवी आहे. म्हणजे त्यांनी निवडलेला शब्द त्यांना हव्या त्या गोष्टीच्या बरोबर उलट आहे.

खरा अध्याहार पाहायचा तर जुन्या मराठी पत्रांचा शेवट पाहा : ‘बहुत काय लिहिणे, आपण सुज्ञ असा.’ लिहिणारा थांबतो, कारण उरलेलं वाचणाऱ्याला ठाऊक आहे अशी त्याची खात्री असते. ग्राहकाला तुमच्या योजनेतलं काहीच ठाऊक नसताना त्याला सुज्ञ ठरवून भागणार नाही.

‘अर्धवट’ आणि ‘अपूर्ण’ यांवर फार वेळ घालवत नाही. ‘अपूर्ण’ म्हटलं की काम राहून गेलं असं वाटतं, हेतू दिसत नाही. ‘अर्धवट’ हे विशेषण माणसालाही लागतं, आणि वाचणारा ते मजकुराला लावेल की लिहिणाऱ्याला, याची हमी कोण देणार?

तुम्हाला हवा असलेला शब्द आहे ‘साकांक्ष’, म्हणजे आकांक्षा बाकी असलेलं. आता जरा बसा, कारण माझ्या मते हा या विषयावरचा सगळ्यात सुरेख शब्द आहे आणि आपण तो ‘महत्त्वाकांक्षे’च्या खिशात घालून विसरून गेलो.

‘काङ्क्ष्’ म्हणजे इच्छिणे. शब्दकोशांत आकांक्षेपुढे ‘इच्छा, अभिलाषा’ असं लिहिलेलं असतं आणि बहुतेक लोक तिथेच पान मिटतात. पण वाक्याचा विचार करणाऱ्यांनी हा शब्द शब्दांनाच बहाल केला. एक शब्द दुसऱ्याची वाट पाहतो, ती आकांक्षा. ‘जेव्हा’ म्हटलं की ‘तेव्हा’ येईपर्यंत वाक्य अधांतरी. ‘जरी’ म्हटलं की ‘तरी’ हवाच. जैमिनीच्या मीमांसासूत्रांत वाक्याची व्याख्याच यावर उभी आहे : ‘अर्थैकत्वादेकं वाक्यं साकाङ्क्षं चेद्विभागे स्यात्’. अर्थ एक असेल आणि तोडलं असता तुकडे साकांक्ष राहत असतील, तर ते एक वाक्य. प्रश्न यजुर्मंत्रांचा, म्हणजे यजुर्वेदातल्या मंत्रांचा होता. ते गद्यात, त्यांना छंद नाही. मग एक मंत्र कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला हे ओळखायचं कसं? उत्तर : तोडून बघा, तुकडा तळमळतो का. तळमळला तर तुम्ही चुकीच्या जागी तोडलंत.

गंमत अशी की, मजकूर मुद्दाम अर्धा सोडणाऱ्याला नेमकी हीच चुकीची जागा शोधायची असते! मीमांसकाने जिथे तोडू नका म्हटलं, तिथेच पहिला भाग संपवायचा. सगळं कौशल्य एवढंच. बाकी कुठेही तोडलंत तर तुकडा सुखाने मरतो. ‘आमच्या सेवेत लवकरच एक महत्त्वाचा बदल…’ हे वाक्य तीन टिंबं लावूनही निराकांक्ष आहे. वाचणाऱ्याचं त्यात काही अडलेलं नाही. ‘गेल्या तिमाहीत आपले सतरा ग्राहक गेले, त्यातले सोळा एकाच कारणाने’ हे टिंबांशिवायही साकांक्ष आहे. इथे माहिती जास्त दिली आहे, कमी नाही, हे लक्षात घ्या.

आता एका वादात पडतो, आणि त्यात मला तडजोड मान्य नाही. ही आकांक्षा राहते कुठे? ‘साहित्यदर्पण’ हा काव्यशास्त्राचा ग्रंथ लिहिणारा विश्वनाथ 14 व्या शतकात सांगतो की ती श्रोत्याच्या जिज्ञासेच्या रूपाची, म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनात. 17 व्या शतकातला अन्नंभट्ट ‘तर्कसंग्रह’ या न्यायशास्त्राच्या पोथीत ती पदाच्या, म्हणजे वाक्यातल्या शब्दाच्या, पदरात घालतो : एका पदाला दुसऱ्या पदावाचून अन्वयाचा, म्हणजे परस्परसंबंधाचा, बोध करून देता न येणं, ही आकांक्षा. आजचे बहुतेक प्रशिक्षक नकळत विश्वनाथाच्या पंगतीत बसलेले असतात. ‘वाचकाची उत्सुकता चाळवा’ म्हणतात, जणू ती आधीच तिथे निजलेली आहे. मी अन्नंभट्टाच्या बाजूचा. वाचकाच्या मनात तुम्हाला शिरता येत नाही. ‘सोळा’ हा शब्द लिहायचा की नाही, हे मात्र तुमच्या हातात आहे. विश्वनाथ रसिकांसाठी लिहीत होता, आणि रसिक जिज्ञासा घरून घेऊन येतो. ई-मेल उघडणारा माणूस रसिक नसतो.

अन्नंभट्टाची उदाहरणंही अशी चपखल आहेत की त्याने एखादी बैठक भोगली असावी अशी शंका येते. आकांक्षा नसलेली पदं कोणती? ‘गाय, घोडा, माणूस, हत्ती.’ नुसती रांग, कुणाला कुणाची गरज नाही. आता पडद्यावरचा तो नेहमीचा तक्ता आठवा : ‘गुणवत्ता. विश्वास. नावीन्य. भागीदारी.’ गाय, घोडा, माणूस, हत्ती! आकांक्षा ही वाक्याची पहिली अट; दुसरी अट योग्यता, म्हणजे अर्थ एकमेकांना जुळणं. ती नसलेलं वाक्य म्हणजे ‘विस्तवाने शिंपतो’. ‘शून्य खर्चात दुप्पट वाढ, कशी ते उद्या सांगू’ हा त्यातलाच प्रकार. ते शक्यच वाटत नाही, मग उद्याची वाट कोण बघेल? तिसरी अट सन्निधी, म्हणजे पदं लागोपाठ येणं. ‘गाय’ आत्ता म्हटलं आणि ‘आण’ एका प्रहराने म्हटलं, तर वाक्य होत नाही. प्रहर म्हणजे तीन तास. दर आठवड्याला एक तुकडा पाठवणाऱ्यांनी हिशेब आपापला करावा.

कुणीतरी झायगार्निकचं नाव काढणारच, म्हणून आधीच बोलतो. मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निकने बर्लिनमध्ये कुर्ट लेविनच्या हाताखाली काम करताना 1927 मध्ये प्रबंध छापला : मध्येच थांबवलेली कामं पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा जास्त आठवतात. ‘मेंदूला अर्धवट गोष्टी सोडवत नाहीत’ हे व्याख्यानांतलं लाडकं वाक्य तिथून निघालं. पुढच्या प्रयोगांत हा परिणाम काही वेळा सापडला, काही वेळा नाही. तिच्याच वर्तुळातल्या मारिया ओव्हस्यांकिनाने पुढच्याच वर्षी दाखवलं की तुटलेल्या कामाकडे माणूस आपणहून परत वळतो, आणि हे निरीक्षण जास्त टिकलं. पण दोघींच्या प्रयोगांत काम त्या माणसाने स्वतः हातात घेतलेलं होतं. तुमचं पत्र वाचणाऱ्याने अजून काहीच हातात घेतलेलं नाही, मग त्याचं तुटणार काय? जॉर्ज लोवेन्स्टाइनने 1994 मध्ये कुतूहलाची जी मांडणी केली, तीही हेच सांगते : ठाऊक असलेलं आणि ठाऊक करून घ्यावंसं वाटणारं, यांतल्या फटीतून कुतूहल येतं. फट दिसायला एक काठ तरी पायाखाली हवा. अन्नंभट्ट ‘पद’ म्हणतो तो हा काठ.

‘उत्कंठा शिगेला’ राहिलंच. उत्कंठा म्हणजे उद् आणि कंठ, मान उंचावून पाहणं. संस्कृतात ती बहुधा दुरावलेल्या माणसाची ओढ असते. शाकुंतलाच्या चौथ्या अंकात शकुंतला सासरी निघाली तेव्हा कण्वाचं हृदय उत्कंठेने भरतं आणि लगेच पुढच्या चरणात त्याचा कंठ दाटतो. त्याला काही जाणून घ्यायचं नव्हतं. मराठीत शब्द सरकला, हरकत नाही. पण दरपत्रकासाठी कुणाची उत्कंठा लागते असं मला अजून दिसलेलं नाही. उत्सुकता म्हणा, पुष्कळ झालं. (‘औत्सुक्यता’ मात्र म्हणू नका. औत्सुक्य हे भाववाचक नामच आहे, त्याला आणखी ‘ता’ कशाला?)

आणि शीग! शीग म्हणजे धान्य मोजताना मापाच्या काठावर चढणारी निमुळती रास. मूळ शब्द शिखा. माप शिगोशीग भरलं म्हणजे आणखी एक दाणा टाकला तरी तो घरंगळतो. तुमचे प्रशिक्षक एकाच वाक्यात माप मुद्दाम अर्धं ठेवायला सांगतात आणि त्यावर शीगही चढवतात. धान्य मोजणाऱ्याने त्यांना उभं केलं नसतं.

एक व्यवहाराची गोष्ट, कारण प्रश्न मुळात व्यवहाराचा होता. कारण, कथा, तुलना, निष्कर्ष यांना साकांक्ष ठेवता येतं. किंमत, मुदत, अटी आणि ‘मला नक्की काय करायचं आहे’ यांना नाही. तिथली रिकामी जागा वाचणारा स्वतःच भरतो, आणि बहुधा तुमच्या विरुद्ध भरतो. म्हणजे तिथे मात्र खराखुरा अध्याहार होतो!

‘टीझर’साठी ‘झलक’ सर्रास वापरतात. झलकेत वस्तू ओझरती का होईना दिसते, त्यामुळे नव्या वस्तूचं अर्धं चित्र दाखवत असाल तर झलक चालेल. काहीच न दाखवता, कुणीतरी येतंय एवढीच वर्दी द्यायची असेल तर आपल्याकडे ‘चाहूल’ आहे. पाऊल वाजतं, माणूस दिसत नाही, आणि दाराकडे मान वळते. फक्त पाऊल वाजल्यावर कुणीतरी आत यावं लागतं.