क्रोकस आहे की लिली, हे पुंकेसर मोजून ठरवा

प्रश्न: आमचे अलिबागजवळ घर आहे. वसंतात फुलणारे क्रोकस अंगणात लावण्याची फार इच्छा आहे. ते येतील का, आणि ऑनलाइन मिळणारे कंद खरोखर क्रोकसचेच आहेत हे कसे ओळखावे?

उत्तर:

अंगणात येणार नाहीत. कुंडीत एका मोसमापुरते आणता येतात, पण त्यासाठी फ्रिजमधला भाजीचा कप्पा तीन महिने अडवून ठेवण्याची तयारी हवी. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे. दुसऱ्या प्रश्नावर मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण त्याच गोष्टीवरून आमच्या घरात दर गणपतीत वाद होतो आणि माझी बाजू बरोबर असूनही ती आजवर कोणी शेवटपर्यंत ऐकून घेतलेली नाही.

आमचे घर गुहागर तालुक्यात, आगराला लागून आहे. मी माध्यमिक शाळेत जीवशास्त्र शिकवत असे. 2016 च्या ऑक्टोबरमध्ये माझे धाकटे दीर हॉलंडहून परतताना क्रोकसचे पंचवीस कंद घेऊन आले. ते पुण्यात राहतात, पण "जागा तुमच्याकडे आहे, वहिनी, आमच्याकडे नुसती बाल्कनी," असे म्हणून त्यांनी पाकीट माझ्या हाती दिले. पाकिटावर जांभळ्या फुलांचे चित्र होते आणि 'क्रोकस व्हर्नस' असे नाव होते. दिवाळी झाल्यावर मी तुळशीवृंदावनामागे जांभ्याच्या मातीत निम्मी वाळू मिसळून, चार बोटे खोल, ते सगळे लावले. काही दिवसांत गवतासारखी अरुंद पाने वर आली. प्रत्येक पानाच्या मधोमध क्रोकसची खूण असलेली पांढरी रेघ स्पष्ट दिसत होती आणि ती पाहून मी शेजारच्या चार घरी सांगून आले. फूल मात्र एकही आले नाही. मार्चमध्ये पाने पिवळी पडली, आणि पहिला मोठा पाऊस होऊन गेल्यावर उकरून पाहिले तेव्हा हाताला चिखल आणि कुजका वास याखेरीज काही लागले नाही. गणपतीला आलेल्या दिरांनी निकाल दिला, "कोकणात नारळ-सुपारी सोडून दुसरे काही रुजायचे नाही, वहिनी."

दोष कोकणाच्या मातीचा नव्हता आणि माझ्या हाताचा तर नव्हताच. विकत मिळणाऱ्या चांगल्या कंदात फुलाची कळी आधीच तयार असते, पण ती लांबून जमिनीबाहेर यायला कंदाला बारा ते चौदा आठवडे सलग थंडी लागते, आणि ती थंडी साधारण 9 अंश सेल्सिअसच्या खाली असावी लागते. आपल्या किनाऱ्यावर जानेवारीच्या रात्रीही पारा सहसा 15 अंशांच्या खाली उतरत नाही. खरी फसगत 'वसंत' या शब्दाने होते. क्रोकसचा वसंत म्हणजे युरोपातला फेब्रुवारी-मार्च, म्हणजे बर्फ वितळत असतानाचा काळ. आपला वसंत म्हणजे चैत्र-वैशाख, कैऱ्या, घाम आणि विहिरीचा उतरलेला तळ. शिवाय पाने सुकल्यावर कंदाला कोरडी विश्रांती हवी असते, आणि नेमक्या त्याच महिन्यांत आपल्याकडे 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो.

हे सगळे वाचून मी दुसऱ्या वर्षी नव्याने आलेले वीस कंद कागदी पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवले. तेव्हा यजमानांनी त्याच कप्प्यात पिकलेले चिकू ठेवले. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि तो आतल्या कळ्या मारतो, हे मी वर्गात शिकवलेले असूनही फ्रिज उघडताना माझ्या ध्यानात आले नाही. त्या वर्षी पाने आली आणि त्यांच्यामधून कागदासारख्या वाळलेल्या कळ्या निघाल्या. तिसऱ्या वर्षी मी कप्प्याला चिठ्ठी चिकटवली. अकरा कंदांपैकी चार कंद 2019 च्या फेब्रुवारीत पडवीतल्या कुंडीत फुलले. सकाळी ऊन आले की पाकळ्या उघडत आणि संध्याकाळी हवा निवली की मिटत. क्रोकसचे फूल तापमानातला अगदी थोडा फरकही ओळखते. आपल्या उकाड्यात एकेक फूल जेमतेम दीड दिवस टिकले. मी फोटो काढून घरच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला, त्यावर दिरांनी अंगठा दाखवला आणि विषय संपला.

खरे रामायण त्याच वर्षीच्या जूनमध्ये घडले. दिरांनी पुण्यातल्या एका रोपवाटिकेतून 'क्रोकस' अशी पाटी लावलेली कुंडी आणली होती. पहिल्या पावसानंतर तिच्यात सात-आठ गुलाबी फुले एकदम उमलली आणि गटावर फोटो आला: "वहिनी, बघा, फ्रिजशिवाय जमले." मी फोटो मोठा करून पाहिला. फुलात पुंकेसर, म्हणजे परागकण धरणारे तंतू, सहा होते. ती पावसाळी लिली होती. वळवाचा एक शिडकावा झाला की कुंपणाकडेला आपोआप फुलणारी, मूळची अमेरिका खंडातली पण आता आपल्या गावागावांत मुरलेली झेफिरँथिस. मी तसे लिहिले, तर "इथे शाळा भरलेली नाही, वहिनी," असे उत्तर आले आणि दोन नणंदांनी त्यावर हसरे चेहरे टाकले.

तर ओळख अशी आहे. क्रोकस हा आयरिसच्या कुळातला आहे, म्हणजे आपल्या बाजारातल्या ग्लॅडिओलसचा भाऊबंद. या कुळात पुंकेसर तीन असतात. लिली म्हणून खपणाऱ्या बहुतेक सगळ्या फुलांत ते सहा असतात. तीन आणि सहा यांत मतभेदाला जागा नाही. दुसरी खूण अशी की पावसाळी लिलीचे फूल हिरव्या पोकळ दांड्यावर येते आणि दांड्याच्या टोकाला, फुलाच्या लगेच खाली, बीजकोशाची गाठ दिसते. क्रोकसला वर दिसणारा दांडाच नसतो. जो दांडा वाटतो ती फुलाचीच लांब नळी असते आणि बीजकोश जमिनीखाली कंदाजवळ लपलेला असतो.

पण तुम्ही विकत घेताना फूल नसते, कंद असतो. तेव्हा पाकिटातला एक कंद बळी द्या आणि आडवा कापा. कांद्यासारखे पापुद्रे निघाले तर ती लिली आहे, आणि सुरणासारखा आतून सलग, पांढरा, भरीव निघाला तर क्रोकस असण्याची शक्यता आहे. व्हर्नसचा कंद सुपारीएवढा असतो आणि सोललेल्या सुपारीवर थोडी काथी राहून जावी तसे त्याच्यावर तपकिरी धाग्यांचे बारीक जाळे असते. क्रिसँथस या क्रोकसच्या दुसऱ्या जातीच्या कंदाच्या सालीला तळाशी गोल कडी सुटतात. इटलीच्या त्रिएस्ते शहराचे एके काळचे महापौर आणि वनस्पतिशास्त्रज्ञ म्युझिओ टोमासिनी यांच्या नावाची तिसरी जात म्हणजे टोमासिनिॲनस, हा लहान, फिकट जांभळा आणि पांढुरक्या नळीचा असतो. या तिघांतला फरक आपल्याला सहसा कामी येत नाही, कारण इथपर्यंत पोहोचणारा माल बहुधा व्हर्नसपासून तयार केलेला मोठ्या फुलांचा डच क्रोकसच असतो.

'केशराचे कंद' म्हणून कोणी वसंतातला क्रोकस देत असेल तर घेऊ नका. केशराचा क्रोकस वेगळा. तो काश्मीरमध्ये पांपोरच्या पठारावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फुलतो. आणि 'केशराचे बी' विकणाऱ्यांशी तर बोलूही नका, कारण केशराला बी धरतच नाही, त्याची लागवड कंदांपासूनच करावी लागते. बी म्हणून तुम्हाला बहुधा करडई मिळेल.

एक गोष्ट मात्र गंभीर आहे. 'शरदातला क्रोकस' या नावाने कोल्चिकम विकले जाते. त्याचाही कंद भरीव असतो, म्हणून वर सांगितलेली कापून पाहण्याची परीक्षा तिथे फसते. फुलात मात्र पुंकेसर सहा असतात. ते आपल्या गडग्यावर श्रावणात फुलणाऱ्या कळलावीच्या कुळातले आहे, दोघांच्याही अंगी कोल्चिसीन हे विष असते, आणि कळलावीचा कंद पोटात गेल्यावर काय होते हे कोकणातल्या जुन्या माणसांना सांगावे लागत नाही. लहान मुले असतील तर न ओळखलेला कंद घरात ठेवू नका.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट सांगते. मातीतून थेट उमललेले फूल पाहण्याची हौस असेल तर भुईचाफा लावा. हळदीच्या कुळातला हा कंद चैत्र-वैशाखात, अंगावर एकही पान नसताना, तापलेल्या भुईतून पांढरी-जांभळी सुगंधी फुले काढतो. पावसाबरोबर त्याची खालून जांभळट असलेली पाने येतात आणि हिवाळ्यात ती पुन्हा नाहीशी होतात. क्रोकस बर्फातून करतो तेच हा उन्हातून करतो, आणि याला चिकू बाजूला ठेवावे लागत नाहीत. त्याच्या फुलात कार्यक्षम पुंकेसर एकच असतो. 2019 च्या गणपतीत मी दिरांना नेमके हेच म्हटले होते, की एक, तीन आणि सहा हे आकडे लक्षात ठेवले तर वादच होणार नाही. त्यावर त्यांनी मोदक पुढे सरकवला.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. फ्रिजमधून काढून फुलवलेला कंद आपल्याकडे पुढच्या वर्षासाठी धरू नका, त्याच्यावर नवा कंद पोसायला थंड आणि लांबलेला वसंत लागतो. लावलेल्या कुंडीवर जाळी घाला, नाही तर उंदीर कंद नेतात. आणि आम्ही केले तसे परदेशातून कंद सामानात घालून आणू नका. 2003 च्या वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेशानुसार त्यासाठी आयात परवाना आणि त्या देशाचे आरोग्य प्रमाणपत्र लागते. आम्हाला हे पुष्कळ उशिरा कळले, आणि कळल्यावर दिरांना ते सांगण्यात मला जो आनंद झाला तो मी लपवणार नाही.

त्यांची ती कुंडी सध्या आमच्याच पडवीत आहे. ते फ्लॅट बदलताना ती इथे ठेवून गेले. 'क्रोकस' ही पाटी त्यांनी स्वतःच्या हाताने पुन्हा रंगवली आहे, आणि जूनमध्ये फुले आली की मी दर वर्षी एका फुलाचा सहा पुंकेसर दिसतील असा जवळून फोटो काढून, खाली काहीही न लिहिता, गटावर टाकते.