नव्या मुख्याध्यापकांना

सर, अभिनंदन. पहिला महिना नवा नियम काढू नका. रोज एखाद्या वर्गात मागच्या बाकावर बसा, पण वही न घेता. नाशिकच्या पेठ तालुक्यात मी पहिल्यांदा वही घेऊन बसलो, तर बाईंच्या हातातला खडूच मोडला. त्यांना वाटलं, शेरा लिहितोय. मग चौथीला भागाकार मी शिकवला, बाईंना मागे बसवलं. हातचा विसरलो, त्या हसल्या, आणि तिथून बोलणं सुरू झालं.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० शिक्षकांना वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण सांगतं. तास भरतात हो, पण शिक्षण परिषदेतून, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांच्या मासिक बैठकीतून, चहा झाला की सटकू नका. आणि पालक द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे निघतात, तेव्हा मुलं कुणाकडे राहणार हा विषय शाळा व्यवस्थापन समितीत दिवाळीआधीच काढा. नंतर रिकामे बाक मोजत बसाल.