फ्लॅट विकून झालेल्या नफ्यातून देणगी दिली तर कर वाचतो का?

त्या नफ्यावरचा कर वाचत नाही. घर २४ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवून विकलं की नफा दीर्घ मुदतीचा भांडवली नफा ठरतो आणि त्यातून ८०जीची वजावट (देणगीची रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा करण्याची सवलत) मिळतच नाही. बरेच गुंतवणूकदार इथेच फसतात. मार्चअखेर मोठा चेक देतात आणि विवरणपत्र भरताना हिरमुसतात.

घरभाड्याचं उत्पन्न असेल तर गोष्ट वेगळी. जुनी करप्रणाली निवडली असेल तर त्यातून वजावट मिळते. बहुतेक संस्थांसाठी ती देणगीच्या ५० टक्के असते, तीही उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत. नव्या प्रणालीत ही वजावट नाही. रोखीने २,००० रुपयांपेक्षा जास्त देऊ नका, धरली जात नाही.

प्लॉटच संस्थेला द्यायचा विचार असेल तर वस्तुरूप दानाला ८०जी लागू नाही. पण व्यक्तीने नोंदणीकृत बक्षीसपत्राने दिलेल्या जमिनीवर देणाऱ्याला भांडवली नफ्याचा करही लागत नाही. वाढलेली पूर्ण किंमत संस्थेच्या पदरात पडते. गावातल्या शाळेला किंवा दवाखान्याला जागेचीच गरज असेल, तर मी हाच मार्ग सुचवेन. मुद्रांक शुल्काचा खर्च मात्र आधी विचारून घ्या.