नागपूरजवळच्या धूप झालेल्या टेकडीवरची लागवड यशस्वी झाली का, हे मॅक्सएंट मॉडेलवरून ठरवता येईल का?

एकट्या मॉडेलवरून नाही. मॅक्सएंट हे संगणकावरचं मॉडेल, एखादी जात कुठे कुठे सापडली त्या नोंदी आणि तिथलं हवामान जुळवून ती आणखी कुठे जगू शकेल याचा अंदाज देणारं. तिथे कोणती झाडं तगू शकतील एवढंच ते सांगतं, तगली का हे उतारावर चढूनच मोजावं लागतं. मॅक्सएंटला आपण बहुतेकदा वर्ल्डक्लिम या जगभरच्या हवामान-नकाशांच्या संचातले 19 हवामान-घटक देतो. त्या नकाशांचा सगळ्यात बारीक चौकोनही साधारण 1 किलोमीटरचा, म्हणजे आपल्याकडची टेकडी मूठभर चौकोनांत संपली. माथ्यावरचा उघडा मुरूम आणि पायथ्याला साचलेली माती, मॉडेलला दोन्ही सारखेच! म्हणून 30 मीटरच्या उंची-नकाशावरून उतार आणि त्याची दिशा काढा, मातीची खोली मात्र पहार मारूनच बघा. सालई खडकाळ, कोरड्या उतारावरही जगते, ऐनाला खोल माती लागते. हा फरक हवामानाच्या आकड्यांत दिसत नाही. मग मॉडेलची यादी हाती घेऊन 10 बाय 10 मीटरच्या चौकटींत आपोआप उगवलेली रोपं मोजा. लावलेल्या झाडांपेक्षा मला तीच जास्त बोलकी वाटतात. घाणेरी, म्हणजे आपली रायमुनिया, हे बाहेरून येऊन पसरलेलं तण, म्हणून ती वेगळी नोंदवा. एक पथ्य: लागवडीची झाडं मॉडेलच्या मूळ नोंदींत घालू नका, नाहीतर ते तुमच्याच कामाला शाबासकी देत बसेल.