सुनेने नोकरी सोडली, तर देशाचे काय बिघडते?

प्रश्न : माझी सून ऐरोलीत एका संगणक कंपनीत आठ वर्षे नोकरीला होती. नात झाल्यावर तिने राजीनामा दिला, कारण पाळणाघर संध्याकाळी सातला बंद होते आणि तिला ठाण्यात पोहोचायला आठ वाजतात. माझे धाकटे दीर म्हणतात, 'बरेच झाले. बायका नोकऱ्या करू लागल्या म्हणूनच मुले कमी झाली आणि जपान-कोरिया म्हातारे झाले.' हे खरे आहे का?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : अर्धेच खरे आहे. मुली शिकल्या, कमावू लागल्या की लग्ने लांबतात आणि मुले कमी होतात, हे बहुतेक देशांत दिसले आहे. परंतु आपल्या दिरांनी जे देश निवडले, तेच त्यांच्याविरुद्ध साक्ष देतात. लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी दर स्त्रीमागे साधारण २.१ मुले लागतात. दक्षिण कोरियात २०२३ साली हा आकडा ०.७२ होता. तेथे मुली मुलांच्या बरोबरीने शिकतात, पण लग्नानंतर घर, मूल आणि सासरच्या अपेक्षा यांचा भार मुख्यतः त्यांच्यावरच येतो, शिवाय कचेरीचे तास लांबलचक असतात आणि एकदा सुटलेली नोकरी त्याच दर्जाची पुन्हा मिळणे कठीण असते. त्यामुळे अनेकींनी लग्नच नाकारले. स्वीडनने १९७४ सालीच बालसंगोपनाची रजा आई आणि वडील दोघांनाही खुली केली. तेथे नोकरी करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण मोठे असूनही जन्मदर कित्येक दशके जपान, कोरियापेक्षा वरचा राहिला आहे. अलीकडे तोही घसरला आहे, तेव्हा सगळा दोष घरातल्या कामाच्या वाटणीवर टाकता येणार नाही.

महाराष्ट्राचेच पाहा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्याचा प्रजनन दर, म्हणजे दर स्त्रीमागे मुलांचा आकडा, १.७ निघाला, आणि देशाच्या शहरी भागात २०२३-२४ साली पंधरा वर्षांवरील जेमतेम २८ टक्के स्त्रिया कामाच्या बाजारात होत्या. म्हणजे बहुसंख्य बायका घरी असूनही मुले कमीच झाली.

अर्थव्यवस्थेचा हिशेब आणखी विचित्र आहे. पोळी-भाजी केंद्रातून आणलेली पोळी राष्ट्रीय उत्पन्नात धरली जाते, तीच घरी लाटली तर धरली जात नाही. २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी रोज सरासरी २९९ मिनिटे देतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७. त्यातही असे पुरुष चारांत एकच. (आपल्या पत्रात नातीच्या वडिलांचा उल्लेख नाही, ते सातच्या आत पाळणाघरी पोहोचू शकतात का, हे कुणी विचारले होते का?) सुनेच्या आठ वर्षांच्या अनुभवासाठी कुटुंबाने आणि कंपनीने जे खर्च केले, ते आता वापरात नाही, तिचा पगार, त्यावरचा कर आणि त्यातून होणारी खरेदीही थांबली.

आपला कायदाही या जुन्या विभागणीला नकळत हातभार लावतो. प्रसूती लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा दिली, मात्र तिचा खर्च मालकावर टाकला आणि खासगी नोकरीतील वडिलांना सक्तीची रजा दिली नाही, त्यामुळे तरुण मुलीला नोकरीवर घेताना मालक कचरतो. त्याच दुरुस्तीत ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनी पाळणाघराची सोय करावी, अशी तरतूद आहे. सूनबाई पुन्हा नोकरी शोधतील तेव्हा ही सोय कोठे आहे आणि ती किती वाजेपर्यंत चालते, हे मुलाखतीतच विचारून घ्यावे.