मुंबईत स्वतःची गाडी नसेल तर पक्षीनिरीक्षण जमेल का? सुरुवात कुठून करू, दुर्बीण कोणती घेऊ?

जमेल. खाडीवरचे पक्षी बघायचे असतील तर गाडीचं नावही काढू नका.

काही वर्षांपूर्वी पक्षीनिरीक्षकांच्या एका गटात नाव नोंदवायला गेले होते. तिथल्या प्रमुखांनी पहिलं विचारलं, "गाडी आहे?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग पहाटेच्या फेऱ्या तुम्हाला झेपायच्या नाहीत, ताई." फार लागलं ते. त्याच रविवारी त्यांची शिवडीला रोहित म्हणजे फ्लेमिंगो बघायची फेरी होती. मीही हार्बरची लोकल पकडून गेले, पण मुद्दाम उशिरा. आमच्या चाळीत मासळी घेऊन येणाऱ्या मावशींनी लहानपणीच भरतीचं गणित शिकवलं होतं: तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं. त्या दिवशी चतुर्दशी, म्हणजे भरती साडेदहाच्या सुमारास. पाणी चढायला लागलं की लांब चिखलात पांगलेले रोहित काठाकडे सरकतात. भरती पूर्ण झाली की चिखलच बुडतो आणि ते उडून जातात. त्यामुळे बघायचे ते भरतीआधीचे दोन-तीन तास.

पूर्वेला उतरून, ट्रकांच्या रांगांमधून चालत जेट्टीवर पोचले तेव्हा साडेसात झाले होते आणि पहाटेपासून आलेल्या त्यांच्या गाड्या परत निघाल्या होत्या. प्रमुखांनी काच खाली करून सांगितलं, "आज लांबच आहेत, काही दिसत नाही." नऊच्या आत धाकटे रोहित इतके जवळ आले की त्यांच्या गडद लाल चोची नुसत्या डोळ्यांनी दिसत होत्या. चोच उलटी खुपसून शेवाळ गाळत होते. मधूनच शेकाटे, कडेला वंचक. हे त्यांना नंतर सांगितलं तर म्हणाले, नशीब तुमचं. यात नशिबाचा काय संबंध? पंचांग न बघता निघालं की पेट्रोल फुकटच जाणार.

ऐरोलीला तर ठाणे खाडीत फिरवणारी वनखात्याची बोटही भरतीच्या वेळा बघूनच सुटते. ठाणे खाडी २०२२पासून रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा आहे, तिथे लोकलने जाता येतं. थंडीत भाऊच्या धक्क्यावरून उरणकडच्या मोऱ्याची लाँच पकडा, कुरव म्हणजे सीगल अगदी डोक्यावरून जातात. त्यांना गाठ्या मात्र टाकू नका, बाकीचे टाकत असले तरी. रानातले पक्षी हवे असतील तर बोरिवली स्टेशनवरून राष्ट्रीय उद्यान चालत गाठता येतं. तांबट, हळद्या, नशीब असेल तर धनेश.

दुर्बीण ८×४२ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) घ्या, मला तीच पुरते.

रोहित साधारण नोव्हेंबर ते मे या काळातच बघायला जा. तिथीच्या गणितात तासाभराचा फरक पडू शकतो. भांडुप पंपिंग स्टेशनलाही लोक पक्षी बघायला जातात, पण तिथला शेवटचा रस्ता फार सुनसान आहे, तिथे एकट्याने जाऊ नका. आणि बोरिवलीचं उद्यान सोमवारी बंद असतं.