नोट्स सगळ्यांना नीट वाचता याव्यात म्हणून फाँट मोठा केला की पुरतं का?

नाही पुरत. फाँट मोठा करणं सोपं, म्हणून बहुतेक जण तिथंच थांबतात. तुम्ही लिहिलंय की नोट्स पीडीएफमध्ये द्यायच्या आहेत आणि वर्गात कमी दिसणारे, रंग ओळखायला अडचण येणारे विद्यार्थीही आहेत. अभ्याससाहित्य तपासणं हे माझं रोजचं काम, त्यावरून सांगते.

आधी कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक बघा. वेबवरचा मजकूर सगळ्यांना वाचता यावा यासाठीच्या डब्ल्यूसीएजी नियमांत साध्या मजकुरासाठी हे प्रमाण किमान ४.५:१ सांगितलंय. मोठ्या अक्षरांना (१८ पॉइंट, ठळक असतील तर १४) ३:१ चालतं. पांढऱ्यावर ७६७६७६ या कोडचा करडा रंग जेमतेम पास होतो, ७७७७७७ नापास. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून अंदाजावर न जाता कॉन्ट्रास्ट मोजणारं एखादं मोफत साधन वापरा. भडक लाल तर पांढऱ्यावर ४:१ च्या आसपासच भरतो. म्हणजे 'महत्त्वाचं' म्हणून लाल केलेली ओळ उलट काळ्या मजकुरापेक्षा फिकी पडते!

शिवाय नुसत्या रंगावर अर्थ सोडू नका. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण ८ टक्के जणांना लाल-हिरव्यात गोंधळ होतो. इतरत्र प्रमाण कमी-जास्त असेल, पण असे वाचक सगळीकडे असतात. बरोबर उत्तर हिरवं केलंत तर शेजारी बरोबरची खूणही करा. आलेखात एक रेषा सलग, दुसरी तुटक ठेवा आणि नावं रेषेला लागूनच लिहा. पान एकदा कृष्णधवल छापून बघा. (तसंही तुमच्या रंगीत नोट्सची मुलं झेरॉक्सच काढणार.)

इंग्रजी साहित्यासाठीचे सल्ले देवनागरीला जसेच्या तसे लावू नका. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटू शकते आणि शब्द विस्कटतो. त्याऐवजी ओळींमधलं अंतर दीडपट किंवा थोडं जास्तच ठेवा, कारण वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या, रफार एकमेकांना भिडतात. अधोरेखन तर टाळाच, ती रेघ नेमकी उकारांवरून जाते. मजकूर डावीकडे जुळवा. दोन्ही कडा सारख्या केल्या की शब्दांमध्ये वेड्यावाकड्या फटी पडतात.

पण माझ्या मते या सगळ्याहून मोठा प्रश्न वेगळा आहे: वाचकाला तुमची मांडणी बदलता येते का? कुणाला काळ्यावर पांढरं हवं असतं, कुणाला तिप्पट आकार, कुणी ऐकूनच वाचतं. स्कॅन केलेलं पान म्हणजे नुसतं चित्र, त्यात यातलं फारसं काही जमत नाही. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला संकेत देणारी सर्वमान्य पद्धत. जुन्या बिगर-युनिकोड फाँटमधला मजकूर दिसायला मराठी असतो, पण स्क्रीन रीडर (मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) त्यातून असंबद्ध काहीतरी वाचतो. पीडीएफ झूम केली की प्रत्येक ओळीसाठी पान डावी-उजवीकडे सरकवावं लागतं. म्हणून युनिकोडमध्ये टाइप करा, शीर्षकं नुसती ठळक न करता वर्डमधल्या तयार हेडिंग स्टाइलनं द्या आणि पीडीएफसोबत वर्ड फाइलही ठेवा.

आकृत्यांना ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे चित्र न दिसणाऱ्यांसाठी त्याला जोडलेलं लेखी वर्णन, लागेलच. त्यात 'हृदयाची आकृती' एवढंच लिहून भागत नाही. रक्त कुठून येतं, कोणत्या कप्प्यातून कुठं जातं, हे एक-दोन वाक्यांत लिहा. आकृती फार गुंतागुंतीची असेल तर हे वर्णन मूळ मजकुरातच घ्या, डोळस विद्यार्थीही ते वाचतील.